क्षयजंतू पाहण्यासाठी दिवा कोणता?

सांगलीच्या श्रोत्यांपुढे हळदीविषयी बोलायला उभे राहणे हे धाडसच होय. हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, हळदीच्या सौद्याचे भाव ज्यांच्या घरात ताटावर बसल्या बसल्या निघतात, त्यांना आम्ही हळदीबद्दल नवे ते काय सांगणार? तथापि आजच्या विषयाचा प्रारंभ हळदीनेच करावा लागत आहे, त्याला आमचा इलाज नाही. विषय आहे सूक्ष्मदर्शकाखाली लावायच्या दिव्यांचा, आणि त्याचा गाभा चिमूटभर हळदीत सापडतो.

काचेच्या पेल्यात चिमूटभर हळद घ्यावी. तीवर दवाखान्यात इंजेक्शनापूर्वी दंडाला लावतात ते स्पिरिट थोडे ओतावे, ढवळावे आणि गाळ खाली बसू द्यावा. वर स्वच्छ पिवळे द्रव राहील. आता खोलीत अंधार करून ते कंदिलाच्या उजेडात पाहावे. कंदील हातभर लांबच ठेवावा, कारण स्पिरिट पेट घेते. द्रव पिवळे दिसेल, त्याहून अधिक काही नाही. सातारा जिल्ह्यात कर्‍हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील पोरांच्या किती पिढ्यांचा अभ्यास करून घेतला, हे वडीलधार्‍यांना सांगायला नको. पण त्या गुणी कंदिलापुढेही ही हळद मुकीच राहते. आता कंदील मालवावा आणि दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तो जांभळा दिवा पेल्यावर धरावा. दिवा अगदी मंद, त्याच्या उजेडात वर्तमानपत्रही नीट वाचता येणार नाही. परंतु पेला एकदम हिरवट पिवळ्या तेजाने उजळून निघतो. हा रंग बाहेरून पडलेला नव्हे, आतून उमटलेला आहे.

मंद दिव्याने जे झाले ते प्रखर कंदिलाने का झाले नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या प्रकाराला इंग्रजीत फ्लुओरेसन्स म्हणतात. मराठी शास्त्रीय लेखनात त्याला अनुस्फुरण हा शब्द आहे. १८५२ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या केंब्रिजच्या प्राध्यापकाने क्विनीनचे द्रावण सूर्याच्या किरणांत धरून याचा छडा लावला. होय, हिवतापावर आपल्या वाडवडिलांनी तोंड वाकडे करून घेतलेले तेच क्विनीन. डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश ते द्रावण पिऊन टाकते आणि निळा प्रकाश परत देते, असे त्यांना आढळले. परत येणारा प्रकाश घेतलेल्या प्रकाशापेक्षा नेहमी लांब तरंगलांबीचा असतो, हा नियम त्यांच्याच नावाने चालतो. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर माल पेठेत गेला की अडत कापली जातेच. पुरा पैसा कधी परत येत नाही. येथे अडत उष्णतेच्या रूपाने कापली जाते आणि उरलेली ऊर्जा दुसर्‍या रंगाने बाहेर पडते.

प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. जांभळा सुमारे ४००, तांबडा सुमारे ७००, निळा त्या दोहोंच्या मध्ये, ४५० च्या आसपास. हळदीला भूक आहे ती ४२० ते ४५० च्या मधल्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाची. कंदिलाच्या ज्योतीत तांबडे-पिवळे उदंड आणि निळे नावापुरते. म्हणजे पंगतीला शंभर पाने वाढली, पण पाहुण्याला चालणारा पदार्थ एकाही पानावर नाही, अशी गत. जांभळ्या दिव्याकडे एकच पदार्थ आहे, पण तो नेमका त्याचा.

आता हळद बाजूला ठेवून ज्या कामासाठी ही चर्चा आहे तिकडे वळू.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना क्षयरोग नवा नाही. मिरजेला डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, आणि पुढे सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या वस्तीला वानलेसवाडी हेच नाव पडले. तिकडे पाचगणीच्या पठारावरही क्षयाचे रोगी हवापालटाला येऊन राहत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती लागले. त्याआधी उघडी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती एवढेच औषध होते. माण-खटावचे, जत-आटपाडीचे तरुण दुष्काळाने मुंबईच्या गिरण्यांत गेले, दाटीच्या खोल्यांत राहिले आणि खोकत गावी परतले, असे प्रसंग ज्या घरांत घडले नाहीत अशी घरे जुन्या माणसांना मोजूनच सांगता येतील.

या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. थोड्याच दिवसांत त्सील आणि नेल्सन यांच्या नावाची रंगवण्याची रीत रूढ झाली. रोग्याची थुंकी काचपट्टीवर पसरतात, तांबड्या रंगाने तापवून रंगवतात, मग आम्लाने धुतात. क्षयजंतूच्या अंगावर मेणासारखे चिवट कवच असते, त्यामुळे त्याने एकदा धरलेला रंग आम्लालाही सुटत नाही. बाकीचे सगळे धुऊन निघते आणि मग त्याला निळी पार्श्वभूमी देतात. निळ्यावर बारीक तांबड्या काड्या दिसल्या की निदान झाले.

ही रीत उत्तम आहे, स्वस्त आहे, आणि तिने आजवर असंख्यांचे प्राण वाचवले आहेत. तिची अडचण गणिताची आहे. जंतू एवढा बारीक की तो हजारपट मोठा करून पाहावा लागतो. हजारपट मोठे केले की एका वेळी दिसणारे वर्तुळ सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीचे उरते. काचपट्टीवरचा थर दोन सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद धरला, तर त्यात अशी सहा हजारांहून अधिक वर्तुळे मावतात. तपासनीस त्यांपैकी शंभर पाहतो, म्हणजे शंभरात दीड हिस्सा. आणि थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते काचपट्टीवर सापडत नाहीत, असा अनुभव आहे. दुपारी तीन वाजता विसावी पट्टी पाहणार्‍याचे डोळे कसे होतात, याची कल्पना सुईत दोरा ओवणार्‍याला येईल. जत तालुक्यातला शेतमजूर दिवसाची मजुरी बुडवून थुंकी देऊन गेला आणि त्याच्या कागदावर ‘जंतू नाहीत’ असे लिहून आले, तर तो पुन्हा लवकर येत नाही. तो घरी जातो आणि नातवाला मांडीवर घेऊन खोकतो. ‘नाहीत’ आणि ‘दिसले नाहीत’ यांतला फरक कागदावर उमटत नाही.

येथे हळदीचा गुण उपयोगी पडतो. ऑरामिन नावाचा पिवळा रंग आहे. तो कारखान्यात तयार होतो, हळदीशी त्याचे नाते नाही, पण स्वभाव बराच मिळताजुळता: निळे खावे आणि पिवळे-हिरवे बाहेर टाकावे. १९३७-३८ च्या सुमारास हागेमान या जर्मन संशोधकाने क्षयजंतू या रंगाने रंगवून दाखवले. मेणकट कवच ऑरामिनही सोडत नाही. उरलेल्या भागाची चमक पोटॅशियम परमँगनेटने, म्हणजे विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाने, दाबून टाकतात. मग निळा प्रकाश सोडला की काळ्याभोर आभाळात चांदण्या चमकाव्यात तसे जंतू चमकतात. अंधारात विडीचे टोक कोसावरून ओळखू येते, पण ती विडी दिवसा दहा पावलांवरूनही दिसत नाही. त्याच न्यायाने चमकणारा जंतू हजारपट मोठा करण्याची गरज राहत नाही, दोनशेपट पुरतो. दोनशेपटीत दिसणारे वर्तुळ पाचपट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने पंचवीसपट मोठे होते. सहा हजार वर्तुळांच्या जागी अडीचशे. थोड्या वेळात अधिक पट्टी पाहून होते. २००६ साली पंचेचाळीस अभ्यास एकत्र तपासून एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या रीतीने सरासरी दहा टक्के अधिक रोगी पकडले जातात असे दिसून आले.

मग इतकी चांगली रीत सत्तर वर्षे मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांपलीकडे फारशी का गेली नाही? उत्तर एका शब्दात: दिवा.

अनुस्फुरणाचा प्रकाश फार क्षीण असतो. जंतूवर टाकलेल्या प्रकाशाच्या मानाने परत येणारा प्रकाश हजारो, लाखो पटींनी कमी भरतो. म्हणून टाकायचा प्रकाश तिखट हवा आणि तो डोळ्यांपर्यंत मात्र पोहोचता कामा नये. त्यासाठी सूक्ष्मदर्शकात एक काच अशी बसवतात की जी फक्त निळा आत सोडते, आणि दुसरी अशी की जी निळा अडवून पिवळा-हिरवा तेवढा डोळ्यांकडे जाऊ देते. दोहोंच्या मध्ये तिरका ठेवलेला आरसा निळा खाली परतवतो आणि पिवळा वर सोडतो. ही मांडणी हॉलंडच्या प्लूम यांनी १९६० नंतरच्या दशकात सुटसुटीत करून दिली. आता प्रश्न उरला निळा आणायचा कोठून.

प्रथम कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी वापरीत. ती फुरफुरे, कांड्या झिजत, आणि जवळ माणूस बसवावा लागे. तिची जागा पार्‍याच्या दिव्याने घेतली आणि पुढे पन्नास-साठ वर्षे तोच राजा होता. क्वार्ट्झच्या लहानशा फुग्यात प्रचंड दाबाखाली पार्‍याची वाफ आणि तीत पेटलेली ज्योत, जिची लांबी-रुंदी शंभर वॅटच्या दिव्यात पाव मिलिमीटरच्या आसपास. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दिवा किती मोठा याला सूक्ष्मदर्शकाच्या लेखी किंमत नाही. उजेड किती लहान जागेत कोंडला आहे याला आहे. घरातली चाळीस वॅटची नळी खोलीभर उजेड पाडते, पण तिचा उजेड चार फूट लांबीवर सांडलेला असतो, आणि कोणत्याही भिंगाने तो टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत त्या तीव्रतेने गोळा करता येत नाही. पार्‍याची ज्योत जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढी. शिवाय पारा सगळे रंग सारखे देत नाही. ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपास त्याच्या उजेडाला शिखरे असतात. यांतले ४३६ चे शिखर ऑरामिनच्या अगदी दाराशी उभे आहे. म्हणून हा दिवा या कामाला जणू नेमून दिल्यासारखा वाटतो.

पण हा राजा सांभाळायला कठीण. पेटवल्यावर स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटे. पेटवला की लगेच विझवायचा नाही. विझला की थंड होईपर्यंत, म्हणजे पुन्हा वीस मिनिटे ते अर्धा तास, पेटवायचा नाही. बसवताना उघड्या बोटाचा डाग क्वार्ट्झला लागला तर तो डाग तापून फुगा तेथेच कमकुवत होतो. ज्योत भिंगाच्या मध्यावर आणण्याची कटकट निराळी. आयुष्य सुमारे दोनशे तास. रोज सहा तास वापरला तर महिना-सव्वा महिना. पुढे तसाच रेटला तर फुटण्याची भीती, आणि फुटला तर खोलीत पार्‍याची वाफ. पार्‍याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, त्यावर भारतानेही पुढे सही-शिक्का केला. तेव्हा हे फुटके फुगे टाकायचे कोठे, हाही प्रश्न आला.

आणि वीज. २००५ नंतरच्या काही वर्षांतले महाराष्ट्रातले भारनियमन श्रोत्यांच्या स्मरणात असेल. कोयनेची वीज १९६२ पासून वाहते आहे, पण ज्या जिल्ह्यात कोयना अडवली त्याच जिल्ह्यातल्या गावांत दिवे मालवून बसण्याची पाळी येत होती. अशा काळात आम्ही एका रुग्णालयातला पार्‍याचा दिवा पाहिला आहे. पट्ट्या रंगवून रांगेत ठेवलेल्या, दिवा नुकता स्थिर झालेला, तोच वीज गेली. दहा मिनिटांनी आली. दिवा थंड होईना. थंड झाला, पेटवला, पुन्हा स्थिर व्हायला वेळ. तासाभरात एकही पट्टी पाहून झाली नव्हती. शेवटी तपासनिसाने जुन्या रीतीचा तांबडा रंग काढला आणि नव्या पट्ट्या रंगवायला घेतल्या. पुढे फुगा संपला तेव्हा नव्याची मागणी कागदावर कित्येक महिने फिरत राहिली आणि ते यंत्र खोळीत गेले. आम्हांला कोणाला दोष द्यायचा नाही. महिन्याला संपणारी वस्तू आणि महिन्यांनी येणारी मंजुरी यांचा संसार होणे नव्हते.

बाकीच्या दिव्यांची नोंद थोडक्यात करतो. झेनॉन वायूचा दिवा सूर्यप्रकाशासारखा सलग उजेड देतो. ज्याला निरनिराळ्या रंगांची मोजमापे करायची आहेत त्याला तो हवाच, पण ऑरामिनला त्याचा विशेष लाभ नाही, आणि थंड असतानाही त्यात वायू एवढा दाबलेला असतो की बदलताना तोंडावर जाळी लागते. हॅलोजनचा दिवा स्वस्त आणि सोशिक, मोटारीच्या दिव्याचाच भाऊ. त्यात निळा कमी असला तरी ऑरामिन चमकायला उदार असल्याने त्यावर काहींनी काम भागवले आहे. मेटल हॅलाइडचा दिवा दोन हजार तास टिकतो आणि लवचिक नळीतून उजेड आणतो. मोठ्या संशोधनसंस्थांत तो पार्‍याची गादी चालवू लागला. लेसरचे राज्य निराळे. तेथे उजेड एका बिंदूवर ठेवून तो बिंदू फिरवत चित्र उभारतात. थुंकीच्या पट्टीसाठी लेसर म्हणजे चिमणीसाठी तोफ.

खरी क्रांती झाली ती निळ्या एलईडीने. तांबडे, हिरवे एलईडी पूर्वीपासून होते. रेडिओवर लुकलुकणारे ठिपके आठवा. तेजस्वी निळा मात्र कोणाला साधत नव्हता. जपानचे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर वर्षानुवर्षे काम करून तो साधला. १९९३ साली नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी जगापुढे ठेवला आणि २०१४ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की आज घरोघरी लागलेला पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्यावर पिवळ्या प्रकाशाची पावडर फासलेली असते. निळा आणि तिने दिलेला पिवळा मिळून पांढरा. हळदीचा तोच प्रयोग, छताला टांगलेला.

सूक्ष्मदर्शकाला मात्र पावडर न फासलेला कोरा निळा हवा. तो ४५० नॅनोमीटरच्या आसपास मोजक्या पट्ट्यात उजेड देतो. ऑरामिन खाते तेवढेच वाढलेले ताट, बाकी पसारा नाही. काही वॅटमध्ये काम होते, म्हणजे बॅटरीवरही चालते. कळ दाबताच पेटतो आणि कळ दाबताच विझतो. या दुसर्‍या गुणाची थोरवी पटकन लक्षात येत नाही. उजेडात राहिले की ऑरामिनची चमक हळूहळू मरते. पार्‍याचा दिवा विझवता येत नसल्यामुळे झाकण फिरवून पट्टी झाकावी लागे, आणि घाईत ते राहून जाई. एलईडी पाहणे थांबले की मालवावा. आयुष्य दहा हजार तास धरले तरी रोज सहा तासांच्या हिशेबाने साडेचार वर्षे, आणि प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळ टिकतो. काळ्या पडद्यांच्या कोंदट खोलीचीही सक्ती राहत नाही. खिडकी लोटून घेतली तरी भागते.

निव्वळ प्रखरतेची शर्यत लावली तर शंभर वॅटचा पारा पुष्कळ वेळा आजही पुढे जाईल, विशेषतः ३६५ आणि ५४६ च्या शिखरांवर. एलईडी एका वेळी एकच रंग देतो. पाच रंगांनी रंगवलेल्या पेशी पाहणार्‍याला पाच एलईडी लागतील. हिरव्या-पिवळ्याच्या मधल्या प्रदेशात तेजस्वी एलईडी करणे अजूनही अवघड जाते. संशोधकाने आपल्या गरजेप्रमाणे निवड करावी. परंतु आपल्यापुढे पाच रंग नाहीत, एक आहे. एक जंतू, एक रंग, आणि दिवसाला तीस पट्ट्या. या कामात एलईडीला तोड नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ साली प्रसिद्ध केलेल्या धोरणात पार्‍याच्या जागी एलईडी आणावा आणि साध्या सूक्ष्मदर्शकांच्या जागीही तो क्रमाक्रमाने यावा, असे सांगितले. आपल्या देशात २०१२ च्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सुमारे दोनशे तपासणी केंद्रांना असे सूक्ष्मदर्शक देण्यात आले.

एक इशारा द्यायला हवा. चमकते ते सारे जंतू नव्हेत. धुळीचा कण, रंगाचा खडा, कापसाचा तंतू हेही चमकतात, आणि नळाच्या पाण्यात क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंदही असू शकतात. शंका आली की चारशेपटीत आकार पाहून घ्यावा लागतो. त्याला सवयीचे डोळे लागतात. दिवा ते काम करीत नाही. रंगवलेली पट्टीही शक्यतो त्याच दिवशी वाचावी, उद्यावर ठेवायची तर अंधारात ठेवावी.

आज तपासणीचा पहिला मान सूक्ष्मदर्शकाकडे राहिलेला नाही. जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रे आली आहेत. त्यांतले ट्रूनॅट हे तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही ती सांगतात, जे कोणत्याही दिव्याखाली दिसत नाही. पण त्या पेटीच्या आत डोकावले तर काय सापडते? डीएनए वाढू लागला की त्याला जोडलेला रंग चमकतो आणि यंत्र ती चमक मोजते. डोळा गेला, अनुस्फुरण राहिले.

त्या यंत्रांची एक अडचण आहे. औषधाने मेलेल्या जंतूचा डीएनएही काही काळ थुंकीत उरतो आणि यंत्र त्यालाही जंतूच समजते. म्हणून रोगी औषध घेऊ लागल्यावर ते लागू पडते आहे की नाही हे पाहायला पुन्हा काचपट्टीकडेच यावे लागते. दोन महिने गोळ्या घेतलेला जतचा तो मजूर थुंकीची डबी घेऊन येतो, तेव्हा तपासनीस त्याची पट्टी ऑरामिनने रंगवतो, खिडकी लोटतो आणि निळ्या दिव्याची कळ दाबतो.